मुक्तहस्त रेखाटन आणि कर्सरचा आधार

महोदय,

संगणकावर चित्र काढताना सॉफ्टवेअरच रेघ सुधारून देते आणि त्यामुळे विद्यार्थ्यांचा हात बिघडतो, असे कलाशिक्षकांच्या बोलण्यात वारंवार येते. शाळांच्या संगणककक्षात मुक्तहस्त चित्राला फारशी जागा मिळत नाही, त्यामागे हा समजही असावा. तो सर्वस्वी चुकीचा नाही. मात्र कर्सरला वळण लावणाऱ्या सोयी अनेक प्रकारच्या असतात आणि त्या सगळ्यांना एकाच मापाने मोजल्यामुळे त्यांतली खरोखर उपयोगाची सोय दुर्लक्षित राहते.

सर्वांत जुना प्रकार म्हणजे कर्सर जवळच्या बिंदूकडे किंवा रेषेकडे आपोआप ओढला जाणे. इव्हान सदरलँड यांनी १९६३ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठात सादर केलेल्या ‘स्केचपॅड’ या चित्र काढण्याच्या प्रोग्राममध्येच ही कल्पना होती: पडद्यावर टेकवून रेघ ओढायची प्रकाशलेखणी आधीच्या रेषेच्या पुरेशी जवळ आली की ती त्या रेषेवरच आहे असे संगणक धरून चाले. पुढे १९८६ मध्ये एरिक बियर आणि मॉरीन स्टोन या संशोधकांनी पट्टी आणि कंपास यांचे काम करणाऱ्या साहाय्यक रेषा व वर्तुळे पडद्यावर उमटवून कर्सर त्यांना चिकटवण्याची पद्धत मांडली. आजच्या व्हेक्टर (म्हणजे चित्र रेषा-वक्रांच्या रूपात साठवणाऱ्या) सॉफ्टवेअरमधील ‘स्नॅपिंग’ याच वाटेवरचे आहे. ठिपक्यांच्या रांगोळीत हात ठिपक्यावरून ठिपक्यावर जातो, तसाच येथे कर्सर जातो. कर्तव्यभूमितीच्या पेपरला आपण विद्यार्थ्याच्या हाती कंपास देतोच, तेव्हा भौमितिक रचनेसाठी या सोयीला हरकत घेण्याचे कारण नाही. मुक्तहस्त चित्र काढताना मात्र ती बंद ठेवावी.

आक्षेप खरा ठरतो तो दुसऱ्या प्रकाराबाबत. पेन्सिलचे साधन घेऊन रेघ ओढली आणि माऊसचे बटण सोडले की सॉफ्टवेअर हाताने टिपलेले असंख्य बिंदू गाळून त्यांच्या जागी मोजक्या बिंदूंवरून आखलेले गुळगुळीत वक्र (बेझिए वक्र) बसवते. गुळगुळीतपणाची पट्टी वर सरकवलेली असेल तर नाकाचा कोपरा, पानाचे टोक, लुगड्याची घडी हे सारे त्यात विरघळून जाते आणि विद्यार्थ्याला आपण न काढलेली सुबक रेघ आपली म्हणून दिसू लागते. ही दुरुस्ती रेघ काढून झाल्यानंतर होत असल्याने हाताला तिच्यातून काहीच शिकायला मिळत नाही. सुरुवातीच्या वर्गांत ही पट्टी शक्य तितकी खाली ठेवावी, मग रेघ थरथरलेली दिसली तरी चालेल.

तिसरा प्रकार वेगळा आहे आणि हे पत्र मुख्यतः त्याच्यासाठी आहे. ‘इंकस्केप’ या मोफत व मुक्त सॉफ्टवेअरमधील सुलेखनाच्या साधनात एखादी रेषा निवडून कंट्रोलची कळ दाबून ठेवली, तर कर्सरभोवती एक वर्तुळ उमटते आणि आपण त्या मार्गदर्शक रेषेच्या कडेने रेघ ओढू लागलो की दोहोंमधील अंतर राखले जाते. आधार मिळत असताना वर्तुळ हिरवे असते. हाताने जोराचा हिसका दिला की ते लाल होते आणि आधार सुटतो. रेघ कुठे सुरू करायची, किती वेगाने न्यायची, कुठे थांबवायची, हे सारे हातच ठरवतो. छायेसाठी समांतर रेघांचे जाळे भरताना किंवा डोंगराच्या उतारावरून वळत जाणाऱ्या रेघा काढताना याचा उपयोग फार होतो. याच साधनात लेखणीचे ‘वस्तुमान’ वाढवता येते. ते वाढवले की लेखणी कर्सरच्या किंचित मागून येते आणि लहानसहान कंप त्यात जिरतात. अशा लेखणीने वळण घ्यायचे तर हात आपोआप सावकाश चालवावा लागतो, म्हणजे हा आधार रेघ निघत असतानाच कळतो आणि त्याच्याशी जुळवून घेता येते. साध्या माऊसवरही हे जमते, त्यासाठी चित्र काढण्याचा महागडा टॅब्लेट लागतोच असे नाही.

याच साधनातील एका गोष्टीकडे मराठी शिक्षकांनी विशेष लक्ष द्यावे. तेथे लेखणीच्या टोकाचा कोन मुळात ३० अंशांवर ठरवलेला असतो, टोकाची उजवी कड वर. ही बैठक रोमन लिपीची आहे. देवनागरीसाठी बोरूचे टोक त्याच्या उलट बाजूला तिरपे छाटतात. त्यामुळे विद्यार्थी मूळच्या कोनावरच ‘व’ किंवा ‘क’ लिहितो तेव्हा जाडी नको तेथे आणि बारीकपणा नको तेथे येतो, आणि दोष मात्र विद्यार्थ्याच्या हाताला दिला जातो. कोन ऋण बाजूला, साधारण उणे ४५ अंशांपर्यंत नेला की बोरूची जाडी-बारीकी साधते. ही जुळणी एकदा नाव देऊन साठवून ठेवता येते, म्हणजे प्रत्येक तासाला आकडे भरत बसावे लागत नाही.

शासकीय रेखाकला परीक्षांचे पेपर कागदावरच व्हावेत, याबद्दल माझे दुमत नाही. परंतु कला संचालनालयाने व शिक्षण विभागाने कलाशिक्षकांच्या प्रशिक्षणात या सोयींची ओळख करून देणारे एखादे सत्र ठेवावे आणि देवनागरी बोरूची तयार जुळणी शाळांना पाठवावी, अशी विनंती आहे. जेथे संगणक आहेत तेथे यासाठी वेगळा खर्च येणार नाही.

– एक कलाशिक्षक