सूचना : ‘पीटर सिंपल’ या कादंबरीवरील चर्चा

वाचक मंडळाच्या सर्व सभासदांना कळविण्यात येते की, येत्या रविवारच्या बैठकीत फ्रेडरिक मॅरियट यांच्या ‘पीटर सिंपल’ (१८३४) या नेपोलियनकालीन आरमारी कादंबरीवर चर्चा होईल. मॅरियट १८०६ मध्ये, अवघ्या चौदाव्या वर्षी, कप्तान लॉर्ड कॉक्रेन यांच्या ‘इंपेरियूज’ या फ्रिगेटवर (वेगवान युद्धनौकेवर) मिडशिपमन, म्हणजे शिकाऊ अधिकारी, म्हणून दाखल झाले आणि १८३० पर्यंत ब्रिटिश आरमारात राहिले. त्यामुळे शिडाच्या जहाजावरील जीवन त्यांनी ऐकीव माहितीवरून लिहिलेले नाही.

संपूर्ण पुस्तक वाचणे शक्य नसल्यास वादळाचा प्रसंग तरी अवश्य वाचून यावा. वारा जहाजाला खडकाळ किनाऱ्याकडे रेटत असताना कप्तान नांगर टाकून जहाजाचे तोंड फिरवतो आणि शिडांत वारा भरताच नांगराचा दोर तोडायला लावतो. हुकमाची एका क्षणाची चूकही सर्वांचा जीव घेऊ शकते, हे त्या पानांवर जाणवते आणि माझ्या मते कादंबरीचे खरे सामर्थ्य तिथेच आहे.

डोलकाठी, शीड, नाळ (जहाजाचा पुढचा भाग) असे जहाजांविषयीचे आपले मराठी शब्द वाचताना आठवतील, ते कृपया टिपून आणावेत. मंडळाची प्रत घेतलेल्या सभासदांनी ती शुक्रवारपर्यंत परत करावी, कारण आणखी तिघे प्रतीक्षेत आहेत.