मांजराला उन्हाळी लागली की लगेच अँटिबायोटिक नको

महोदय,

मांजर पुन्हा पुन्हा वाळूच्या ट्रेमध्ये जाऊन बसते, चार थेंब गाळते, ओरडते, मधेच मोरीत किंवा गादीवर लघवी करते आणि ती लालसर दिसते. 'उन्हाळी लागली' असे म्हणून घरात उरलेली माणसांची अँटिबायोटिकची गोळी सुरू होते. काही ठिकाणी तर पहिल्याच दिवशी सेफ्ट्रियाक्झोन किंवा एन्रोफ्लॉक्सासिन अशा जबर अँटिबायोटिकचे इंजेक्शन दिले जाते. मात्र दहा वर्षांखालच्या मांजरांत या त्रासामागे जंतू क्वचितच असतात. निम्म्याहून अधिक मांजरांना असते ती मूत्राशयाची जंतूंशिवायची सूज. तिचा संबंध ताणाशी असतो: घर बदलले, दुसरे मांजर आले, दिवाळीचे फटाके वाजले. उरलेल्यांत बहुतेकदा खडे निघतात. लालसर लघवी म्हणजे रक्त, आणि रक्त म्हणजे इन्फेक्शनच असे नाही.

गैरसमज टिकून राहतो तो एका कारणाने. ही सूज बहुतेक वेळा पाच-सात दिवसांत आपोआप ओसरते. गोळीचा कोर्सही तेवढाच असतो. साहजिकच गुण गोळीला आला असे वाटते आणि काही महिन्यांनी त्रास उलटला की तीच पट्टी पुन्हा बाहेर निघते. दर खेपेला मांजराच्या आतड्यातले औषधाला दाद न देणारे जंतू मागे उरतात, आणि ट्रे साफ करणारे हात आपलेच असतात. अशा मांजराला खरे लागते ते डॉक्टरांनी दिलेले वेदनाशामक, पातळ खाणे आणि शांत कोपरा. मांजरे दोन असतील तर ट्रे तीन हवेत. चिकन किंवा मासे उकडलेले पाणी द्यावे, पण त्यात मीठ, कांदा, लसूण नको; म्हणजे आपला रस्सा नकोच. माणसांची पॅरासिटामॉलची गोळी तर मांजराचा जीव घेते, अर्धीसुद्धा देऊ नये.

बोक्याची गोष्ट वेगळी. त्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो. तो कुंथतो आहे आणि थेंबही पडत नाही, पोटात घट्ट चेंडूसारखी गाठ हाताला लागते, तर त्याच तासाला दवाखाना गाठावा, रात्र असली तरी. लघवी तुंबून रक्तातले पोटॅशियम वाढते आणि हृदय बंद पडते. एक-दोन दिवसांत बोका दगावू शकतो. अँटिबायोटिकने मार्ग मोकळा होत नाही. त्यात गेलेला वेळ मात्र परत येत नाही.

जंतू खरोखर कुणाला होतात? दहा वर्षांपुढच्या मांजरांना, त्यातही भाटीला जास्त. मूत्रपिंडाचा आजार, मधुमेह किंवा थायरॉईड वाढलेल्यांना. आणि लघवी काढायला नळी घातली होती अशांना. तिथेही आधी लघवीचे कल्चर करावे, म्हणजे लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून ते कोणते आणि कोणत्या औषधाला दाद देतात हे पाहावे. नमुना पोटातून सुईने थेट मूत्राशयातून काढलेला हवा. ट्रेमधल्या लघवीत बाहेरचे जंतू मिसळतात आणि भलताच रिपोर्ट येतो. सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी तासाभरात व्हावी, कारण थंड केलेल्या नमुन्यात नसलेले स्फटिकही तयार होतात. कल्चरचा नमुना मात्र लगेच फ्रिजमध्ये ठेवून २४ तासांत लॅबमध्ये पोचावा. अँटिबायोटिकचा पहिला डोस नमुना काढल्यानंतरच द्यावा.

साध्या इन्फेक्शनला पहिले औषध ॲमॉक्सिसिलिन, वजनावर मोजून: किलोला ११ ते १५ मिलिग्रॅम, दिवसातून दोन ते तीन वेळा. चार किलोच्या मांजराला एका वेळी ४४ ते ६० मिलिग्रॅम होतात, आणि घरातली कॅप्सूल असते ५०० मिलिग्रॅमची. ती उघडून अंदाजाने चिमूट देणे म्हणजे कधी कमी, कधी भरमसाट. मूत्रपिंड कमजोर असेल तर हिशेब डॉक्टरांनीच करायचा. इंटरनॅशनल सोसायटी फॉर कम्पॅनियन ॲनिमल इन्फेक्शियस डिसीजेस या संस्थेच्या २०१९ च्या मार्गदर्शिकेत अशा साध्या इन्फेक्शनला ३ ते ५ दिवस पुरेसे मानले आहेत. जंतू मूत्रपिंडापर्यंत गेले असतील तर १० ते १४. सेफ्ट्रियाक्झोन, एन्रोफ्लॉक्सासिन ही राखीव औषधे आहेत. कल्चरमध्ये दुसरे काही लागू पडत नसेल तरच वापरावीत. एन्रोफ्लॉक्सासिन किलोला दिवसाला ५ मिलिग्रॅमच्या वर गेले तर मांजराचा डोळ्याचा पडदा खराब होऊन कायमचे अंधत्व येऊ शकते. आणि कल्चरमध्ये जंतू दिसले, पण मांजराला कसलाच त्रास नाही, तर सहसा औषध देऊच नये.

शेवटी शहरातल्या पॅथॉलॉजी लॅबना एक विनंती. मांजराच्या लघवीच्या कल्चरलाही प्लेट तीच आणि इन्क्युबेटर तोच लागतो, त्यामुळे पशुवैद्यकांनी पाठवलेले नमुने जरूर घ्यावेत. पण रिपोर्ट माणसांच्या मापाने वाचू नये. माणसांत एका मिलिलिटर लघवीत जंतूंच्या एक लाख वसाहती वाढल्या तरच इन्फेक्शन, हा जुना दंडक आहे. सुईने काढलेल्या मांजराच्या नमुन्यात एक हजारही महत्त्वाच्या ठरतात. डॉक्टरांनीही चिठ्ठीवर 'मांजर, सुईने काढलेला नमुना' एवढे स्पष्ट लिहावे. नाहीतर खरे इन्फेक्शन 'किरकोळ वाढ' म्हणून परत येते, आणि मग पुन्हा अंदाजाने इंजेक्शन सुरू होते.

— एक पशुवैद्यक, राजारामपुरी, कोल्हापूर