"गोळ्या मानवत नाहीत" याचा अर्थ

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी सातपुड्यातल्या पाड्यांवर काम करणारी आशा. टीबीच्या गोळ्या घरोघर पोचवते, समोर बसून घ्यायला लावते. मागे एकाच आठवड्यात दोन बायकांचा कोर्स सुरू झाला. दोघींचं वजन ३५ ते ४९ किलोच्या गटातलं, म्हणून दोघींना रोज ३ गोळ्या. एक महिनाभरात शेतावर जाऊ लागली. दुसरीला अन्नाचा वासही सोसवेना. "ताई, मला गोळ्या मानवत नाहीत," असं ती रोज म्हणायची आणि मी धीर देऊन त्याच गोळ्या तिच्या हातावर ठेवायचे. लघवी गडद झाली तेव्हाही मी म्हटलं, गोळ्यांतल्या रिफाम्पिसिन या औषधाने लाल होतेच, घाबरू नको. आम्ही सगळ्यांना हेच सांगतो. मग एका सकाळी ती अंगणात उन्हाला बसली होती, आणि तिचे डोळे हळदीसारखे पिवळे दिसले.

ती वाचली. सगळ्या गोळ्या थांबवून, नंतर एकेक औषध पुन्हा सुरू करावं लागलं. माझ्या मनातून मात्र ती सकाळ जात नाही.

साहेब, टीबीच्या गोळ्यांत आयसोनियाझिड हे औषध असतं. यकृतातलं एनएटी-२ नावाचं विकर (एन्झाइम) या औषधाला निकामी करतं आणि मग ते शरीराबाहेर जातं. कुणाचं विकर झपाट्याने काम करतं, कुणाचं संथ. हे जन्मतःच ठरलेलं असतं. जपानमध्ये संथ गटातली माणसं दहात एखादीच. आपल्या देशात झालेल्या अभ्यासांत ती निम्म्याहून जास्त सापडली आहेत. या गटात यकृताला इजा होण्याचा धोका जास्त. कावीळ पायराझिनामाइड या टीबीच्या दुसऱ्या औषधानेही होते, दारूने आणि उपासमारीनेही बळावते, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच आमच्या कुपोषित भागात जास्त जपायला हवं.

हे ज्ञान नवं नाही. १९५६ साली मद्रासला सुरू झालेल्या क्षयरोग केंद्राने आठवड्यातून एकदाच डोस देऊन पाहिला, तेव्हा झपाट्याने औषध संपवणाऱ्यांत तो कमी पडला. रोजच्या डोसात हा फरक बराच भरून निघतो, आणि २०१७ पासून आपण रोजचा डोस देतो, हे चांगलंच झालं. पण गोळ्यांची संख्या आजही फक्त वजनकाटा ठरवतो. जपानी डॉक्टरांनी जनुक तपासून संथ गटाला डोस कमी दिला, तर यकृताचा त्रास टळला.

सिकलसेलसाठी याच पाड्यांवर आम्ही रक्ताचे नमुने गोळा केले. भिल्ल, पावरा, कोरकू, गोंड, कातकरी यांच्यात संथ किती, झपाट्याचे किती, हेही तसंच तपासून घ्या. तोवर निदान यकृताची तपासणी कोर्सच्या आधी आणि पंधरा दिवसांनी प्राथमिक आरोग्य केंद्रातच होऊ द्या. आज त्यासाठी बाईला एका दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याला जावं लागतं, मग ती जातच नाही. आणि आम्हाला प्रशिक्षणात लाल लघवीबरोबर पिवळे डोळे, मळमळ, मेलेली भूक हेही शिकवा.

त्या बाईची थोरली मुलगी आता प्रतिबंधक औषधाच्या यादीत आहे. त्यातही आयसोनियाझिड आहेच. "हिला मानवतील ना, ताई?" असं आई विचारते. मुलीचा कोर्स पुढच्या महिन्यात सुरू व्हायचा आहे. त्याआधी तिचं रक्त तपासून मिळावं, एवढी विनंती.

आपली,
एक आशा स्वयंसेविका