शरीअत हे एकच पुस्तक नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

इस्लामी कायद्याविषयी आपल्या दैनिकात गेले काही आठवडे येत असलेली पत्रे मी एकत्र ठेवून पुन्हा वाचली. टीका करणारे आणि कैवार घेणारे यांचे एकाही मुद्द्यावर जुळत नाही असे वरवर वाटते, पण एक गोष्ट दोन्ही बाजूंनी न बोलता मान्य केली आहे. शरीअत हा चौदाशे वर्षांपूर्वी एकदाच सिद्ध झालेला आणि पुढे काना-मात्रेचाही फरक न झालेला कायदाग्रंथ आहे, असे दोघेही धरून चालतात. एकाला त्यात पूर्णत्व दिसते आणि दुसऱ्याला साचलेपण. हे गृहीतकच इतिहासाला धरून नाही, एवढ्यापुरते हे पत्र.

कुराणात सहा हजारांहून अधिक आयती आहेत. त्यांपैकी ज्यांतून नियम काढता येतात अशा आयतींची संख्या परंपरेने सुमारे 500 सांगितली जाते आणि त्यांतल्याही बऱ्याच आयती उपासनेसंबंधी आहेत. उरलेला सारा डोलारा धर्मशास्त्र्यांनी हदीस म्हणजे प्रेषितांच्या उक्ती-कृतींच्या नोंदी, स्थानिक प्रघात, सादृश्य आणि तर्क यांच्या आधारे पुढच्या दोन-तीन शतकांत उभारला. सुन्नींच्या हनफी, मालिकी, शाफिई आणि हंबली या चार परंपरा ज्यांच्या नावांनी ओळखल्या जातात, त्यांपैकी अबू हनीफा 767 मध्ये वारले, मालिक 795 मध्ये, शाफिई 820 मध्ये आणि अहमद इब्न हंबल 855 मध्ये. शियांची जाफरी परंपरा वेगळीच. या शास्त्राला फिक्ह म्हणतात. फिक्ह या शब्दाचा मूळ अर्थच ‘आकलन’ असा आहे आणि आकलन म्हटले की मतभेद आलाच. या मतभेदांचा त्रास राज्यकर्त्यांना फार लवकर जाणवला होता. आठव्या शतकाच्या मध्यावर इब्न अल-मुकफ्फा या लेखकाने खलिफा मन्सूरला सुचवले, की काझींचे परस्परविरोधी निवाडे थांबवायचे असतील तर खलिफाने एकच कायदा ठरवून द्यावा. ते घडले नाही. ‘मेजेल्ले’ ही उस्मानी (ऑटोमन) साम्राज्याची कायदेसंहिता 1869 ते 1876 या काळात तयार झाली, म्हणजे त्या सूचनेनंतर अकराशे वर्षांनी. आणि तिच्यातही विवाह आणि तलाक हे विषय घेतलेले नव्हते.

भारतात ‘एकच पुस्तक’ ही समजूत रुजण्यात कंपनी सरकारचा वाटा मोठा आहे. वॉरन हेस्टिंग्जच्या 1772 च्या योजनेनुसार वारसा, विवाह अशा बाबतींत मुसलमानांना कुराणाचा आणि हिंदूंना शास्त्रांचा कायदा लावायचे ठरले. अरबी न जाणणाऱ्या न्यायाधीशांना हाताशी एखादे पुस्तक हवे होते. मग बाराव्या शतकातील मरघिनानी यांच्या ‘हिदाया’ या हनफी ग्रंथाचे आधी फारसी आणि त्यावरून इंग्रजी भाषांतर झाले. चार्ल्स हॅमिल्टनचे हे इंग्रजी भाषांतर 1791 चे. गंमत अशी, की ज्या ग्रंथात अबू हनीफा आणि त्यांचेच शिष्य अबू यूसुफ व मुहम्मद शैबानी यांचे मतभेद पानोपानी नोंदवलेले आहेत, तोच न्यायालयात निर्विवाद कायदा म्हणून वापरला जाऊ लागला.

शरीअत बदलत नाही असे म्हणणाऱ्यांनी 1939 च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्याची कथा जरूर वाचावी. बेपत्ता नवऱ्याच्या पत्नीने किती काळ वाट पाहावी, या प्रश्नावर हनफी परंपरेतील एक प्रचलित मत असे होते, की तो हयात असता तर नव्वद वर्षांचा झाला असता तोपर्यंत. नवरा पंचविशीत नाहीसा झाला, तर त्या बाईचे आयुष्यच संपले म्हणायचे. नवरा पोसत नाही, नांदवत नाही, सोडतही नाही, अशा स्त्रीलाही हनफी नियमांनुसार न्यायालयाकडून सुटका मिळणे जवळपास अशक्य होते. त्यामुळे काही स्त्रिया, विशेषतः पंजाबात, धर्मांतराचा मार्ग पत्करू लागल्या. धर्म सोडला की निकाह तुटतो, असे न्यायालये मानत होती. हे पाहून देवबंदी परंपरेतले अशरफ अली थानवी यांनी मदिनेतील मालिकी मुफ्तींची, म्हणजे धर्मशास्त्रावर मत देणाऱ्या पंडितांची, मते मागवली आणि हनफी स्त्रीला मालिकी नियमांचा आधार घेता येईल, असे 1931 मध्ये लिहून प्रसिद्ध केले. पुढे आलेल्या कायद्यात नवऱ्याचा चार वर्षे ठावठिकाणा नसणे आणि दोन वर्षे पोटगी न देणे ही घटस्फोटाची कारणे ठरली. केवळ धर्मांतराने स्त्रीचा विवाह आपोआप तुटणार नाही हेही त्याच कायद्यात आले, तेव्हा उलेमांचा (धर्मपंडितांचा) हेतू निव्वळ स्त्रियांच्या कळवळ्याचा होता असे मी म्हणणार नाही. पण नव्वद वर्षांचे चारावर आले, आणि तेही परंपरेच्या आतली वाट वापरून, हे नाकारता येणार नाही. एका दमात दिलेले तीन तलाक ही एकच घोषणा मानावी, हे मतही इब्न तैमिया या धर्मशास्त्र्याने चौदाव्या शतकात मांडले होते आणि इजिप्तने 1929 मध्ये ते कायद्यात घेतले.

इतिहासाबद्दलच्या दाव्यांची तऱ्हा निराळी नाही. खलिफा उमर यांच्या आज्ञेवरून अलेक्झांड्रियाचे ग्रंथालय जाळले आणि त्या ग्रंथांवर सहा महिने हमामांचे (सार्वजनिक स्नानगृहांचे) पाणी तापले, ही गोष्ट एका पत्रात सिद्ध घटना म्हणून आली आहे. शहर अरबांच्या ताब्यात गेले ते 640 च्या दशकाच्या आरंभी, आणि ही कथा लिखित स्वरूपात भेटते ती 1200 च्या आसपास. सातव्या शतकातच इजिप्तमधल्या निकिऊच्या योहान या बिशपने अरब विजयाचा कडवट वृत्तान्त लिहिला. त्यात ग्रंथालयाचा शब्दही नाही. उलट बाजूच्या पत्रलेखकाने ‘ज्ञानासाठी चीनपर्यंत जावे लागले तरी जा’ हे प्रेषितांचे वचन अभिमानाने दिले आहे. ते वचन बनावट असल्याचे बाराव्या शतकातील हदीसतज्ज्ञ इब्न अल-जौझी यांनी सांगून ठेवले आहे, म्हणजे ही चिकित्सा करायला बाहेरच्या कुणाची गरज पडली नव्हती.

शेवटी गुलामगिरीविषयी. ‘इस्लामने गुलामगिरी नष्ट केली’ हे विधान आपल्या अंकात विनाआक्षेप छापले गेले. कुराणाने गुलामाला मुक्त करणे हे पुण्यकर्म आणि काही अपराधांचे प्रायश्चित्त मानले, हे खरे. पण प्रथा रद्द केली नाही, आणि फिक्हच्या ग्रंथांत गुलामांच्या खरेदी-विक्रीचे, वारशाचे आणि मुक्ततेचे तपशीलवार नियम आहेत. म्हणून गुलामगिरी धर्मामुळे सुटणेच शक्य नव्हते, असे म्हणणेही तितकेच चुकीचे ठरते. ट्युनिसचा शासक अहमद बे याने 1846 मध्ये गुलामगिरी बंद केली तेव्हा त्याने उलेमांपुढे धर्मशास्त्राचाच युक्तिवाद ठेवला होता, आणि तिथल्या हनफी व मालिकी मुफ्तींनी त्याला संमती दिली. सौदी अरेबियात हाच निर्णय व्हायला 1962 साल उजाडले.

आपला,
एक वाचक