१९६८ च्या ट्रकला बसवलेल्या आपल्या इंजिनाबाबत तक्रार

दि. १२ जून २०२५
पावस, ता. जि. रत्नागिरी

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: जुन्या टाटा-मर्सिडीज ट्रकसाठी घेतलेल्या कॉमन रेल डिझेल इंजिनाच्या संचात वेगाचा सेन्सर न दिल्यामुळे गाडी २९ एप्रिलपासून उभी असल्याबाबत.

महोदय,

माझी तक्रार आपल्या ग्राहक सेवा केंद्रात आजवर चार वेळा नोंदवली गेली आणि चारही वेळा ‘निकाली’ असा शेरा मारून बंद झाली. गाडी मात्र दीड महिना आमच्या अंगणात ताडपत्रीखाली उभी आहे. म्हणून हे पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवत आहे. पत्र लांबले आहे, पण पूर्ण वाचावे ही विनंती. फोनवर माझे कोणीही पूर्ण ऐकून घेतलेले नाही.

सुरुवातीलाच सांगतो की आपल्या इंजिनाला मी नावे ठेवणार नाही. इंजिन चांगले आहे.

आमची गाडी १९६८ ची. टाटांची टेल्को आणि मर्सिडीज बनवणारी डाइम्लर-बेंझ यांचा करार १९५४ ला झाला आणि १९६९ पर्यंत टिकला, त्या काळातली, पुढे नाक असलेली. जाळीवरचा तीन टोकांचा तारा अजून मूळचाच आहे. आजोबांनी ती चिरे वाहण्यासाठी घेतली. पुढे बाबांनी १९७१ पासून २००९ पर्यंत चालवली, खाणीवरून जांभा आणि मोसमात आंब्याच्या पेट्या. आता ती वर्षातले तीन-चार महिनेच कामाला निघते, पण निघते. आम्ही ती शोभेला ठेवलेली नाही.

जुने सहा सिलिंडरचे इंजिन चालू होते. तरी मी ते बदलायचे ठरवले ते बाबांसाठी. अडतीस वर्षे त्या आवाजात बसून त्यांचे दोन्ही कान गेले. आज त्यांचे वय ७५ आहे, कानाला मशीन आहे. जुने इंजिन सुरू झाले की मशीन तोच गडगडाट मोठा करून कानात ओतायचे, म्हणून गाडीत चढायच्या आधी ते मशीन काढून खिशात ठेवत. म्हणजे ज्या गाडीत त्यांचे आयुष्य गेले, तिच्यात त्यांच्याशी बोलताच येत नव्हते.

आपल्या प्रतिनिधीने मला कोल्हापुरात व्यवस्थित समजावून दिले होते. जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनात डिझेल एकाच झटक्यात फवारले जाते, ते पेटायला क्षणभर उशीर होतो, तेवढ्यात साठलेले सगळे एकदम भडकते आणि तो ठोका आपल्याला ऐकू येतो. कॉमन रेलमध्ये मुख्य फवाऱ्याच्या आधी डिझेलचा अगदी थोडा फवारा जातो, तो आधी पेटून आतले वातावरण तयार ठेवतो आणि मुख्य डिझेल सावकाश जळते. हे सगळे खरे निघाले. जानेवारीत गाडी घरी आणली, तेव्हा बाबा मशीन कानात ठेवून शेजारी बसले. पावस ते भाट्ये पूल आम्ही बोलत गेलो. गोळपच्या चढावर त्यांनी मला १९७८ च्या पावसाळ्यातली एक हकीकत सांगितली, जी मी पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदा ऐकली. त्या दिवसाबद्दल मी आपल्या कंपनीचा ऋणी आहे आणि तसे मी आपल्या प्रतिनिधीला फोन करून कळवलेही होते.

आता तक्रार.

नोव्हेंबरमध्ये आपण मला चार पानांचा अर्ज भरायला दिला होता. गाडीचे साल, गिअरबॉक्स, टायरचा आकार, ब्रेकची पद्धत असे सगळे त्यात विचारले होते. तिसऱ्या पानावर ‘स्पीडोमीटरचा प्रकार’ असा रकाना आहे. त्यात मी माझ्या हाताने लिहिले आहे: ‘केबलवर चालणारा. इलेक्ट्रॉनिक सेन्सर नाही.’ सोबत गिअरबॉक्सच्या मागच्या बाजूचा फोटो जोडला आहे, त्यात केबल स्पष्ट दिसते. हा अर्ज आपण तपासला, त्यावर शिक्का मारला आणि ‘सर्व सेन्सर व वायरिंगसह संपूर्ण संच’ म्हणून ६,४०,००० रुपये घेतले. आपल्याच अधिकृत केंद्रात तो बसवण्याचे ९५,००० रुपये वेगळे दिले. आरटीओची परवानगी मी आधी घेतली होती, बदल झाल्यावर तपासणी करून आरसी बुकात नवा इंजिन नंबरही चढवून घेतला. त्या कामाचे आपले कागद वेळेवर मिळाले, हेही नमूद करतो.

संचात गाडीच्या वेगाचा सेन्सर नव्हता.

त्याने काय झाले ते मला पुढे पाली येथील आमच्या मिस्त्रींकडून कळले. मूळचे ते कोल्हापूरकडचे, जुन्या गाड्यांत हात बसलेला माणूस. या इंजिनाच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर आहे. फिल्टर भरत आला की इंजिन जास्तीचे डिझेल देऊन धूर तापवते आणि आतली काजळी जाळून टाकते. पण गाडी ठराविक वेगाने धावत आहे अशी खात्री झाल्याशिवाय इंजिनावरचा आपला कंप्युटर हे जाळण्याचे काम सुरू करत नाही. आमच्या गाडीचा वेग त्याला कळायला मार्गच नाही. मिस्त्रींनी स्कॅनर लावून मला पडदा दाखवला. गाडी रस्त्यावर पन्नासने धावत होती आणि पडद्यावर वेग शून्य होता. ते म्हणाले, “दोन हजार किलोमीटर चाललीया गाडी, पर इंजिनाला वाटतंय ती दारातच हुबी हाय.”

त्यात आमची फिरती जवळची. बागेतून पेट्या उचलायच्या, पॅकिंगच्या शेडपर्यंत न्यायच्या, पुन्हा बागेत. अशा हळू आणि थोड्या धावेत धूर फारसा तापत नाही, काजळी साठत जाते, आणि फिल्टर फारच भरला की इंजिन ताकद देत नाही. आमची ही जवळची फिरतीही मी अर्जात ‘गाडीचा वापर’ या रकान्यात लिहिली आहे.

१८ एप्रिलला फिल्टर भरल्याचा पिवळा दिवा लागला. मी त्याच दिवशी आपल्या हेल्पलाइनला फोन केला. उत्तर मिळाले, “सर, मोठ्या रस्त्यावर अर्धा तास चाळीसच्या वर चालवा, आपोआप साफ होईल.” मी ऐकले. हातखंबा ते नाणीज गाडी चालवून परत आणली. दिवा गेला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच केले. पुन्हा फोन केला, पुन्हा तेच उत्तर. वेग शून्य वाचणाऱ्या कंप्युटरपुढे मी गाडी चाळीसने चालवली काय आणि साठने चालवली काय, सारखेच होते. हे आपल्या माणसाला माझा अर्ज उघडून पाहता आले असते. मी ऐन मोसमात दोन दिवस आणि टाकीभर डिझेल त्या सल्ल्यात घालवले.

२९ एप्रिलला कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात माल द्यायचा होता. १८० पेट्या हापूस भरला. बाबा सोबत होते, हट्टाने आले होते. साखरपा सोडले, दख्खन गेले आणि आंबा घाटाच्या चढाला गाडीचा पिकअप गेला. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी इंजिन वर जाईना. भरलेली गाडी, मागे एस्टी, एका बाजूला दरी. मी गाडी कडेला घेतली आणि क्लीनरने उडी मारून चाकांना दगड लावले. इंजिन बंद पडले नव्हते. ते शांतपणे चालू होते, फक्त ताकद देत नव्हते. बाबांनी बॉनेटवर हात ठेवला, बराच वेळ तसेच उभे राहिले आणि म्हणाले, “इंजिन आजारी नाही. याला कोणीतरी अडवलंय.” ज्या माणसाला धड ऐकू येत नाही त्याला हे तळहाताने कळले, आणि आपल्या केंद्राला दीड महिन्यात कळलेले नाही.

आंबा उन्हात थांबत नाही. दुसरा टेम्पो मिळायला पाच तास लागले. पेट्या रस्त्यात उतरवून पुन्हा चढवाव्या लागल्या, फळ दबले, यार्डात भाव पडला. गाडी ओढून पालीला आणली.

पालीहून आपल्या अधिकृत केंद्राचा तंत्रज्ञ बोलावला. गाडी उभी ठेवूनच स्कॅनरवरून हुकूम देऊन काजळी जाळता येते, असे तो म्हणाला, आणि मला हायसे वाटले. पण आपल्या सॉफ्टवेअरला आधी चॅसिस नंबर लागतो आणि तो सतरा अक्षरांचाच लागतो. १९६८ च्या गाडीचा नंबर सतरा अक्षरांचा नाही, त्या काळी तसा नसायचाच. त्याने तीन वेळा नंबर टाकला, तिन्ही वेळा ‘वाहन आढळले नाही’ असे आले, आणि तो परत गेला. त्याच दिवशी आपल्या प्रणालीत माझी तक्रार ‘वाहन यादीत नाही, निकाली’ म्हणून बंद झाली. गाडी यादीत नव्हती, तर तिच्यासाठी पैसे कसे घेतले? गाडीचे साल आणि चॅसिस नंबर आपल्या पावतीवरच छापलेले आहेत.

यानंतर जे झाले ते मला सगळ्यात जास्त लागले. १४ मे रोजी आपल्या केंद्रातून फोन आला. बोलणाऱ्याने सुचवले की फिल्टर आतून फोडून रिकामा करा, कंप्युटरमधून त्याची नोंद आम्ही काढून टाकतो, पंधरा हजारांत काम होईल, कोण बघतंय. मी नकार दिला. आरटीओने मला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली परवानगी दिली ती हे इंजिन त्याच्या धुराच्या सामानासकट बसवण्यासाठी. मी तिथे सही केली आहे. शिवाय आमची गाडी शाळेसमोरून आणि कलमांच्या बागांमधून जाते. आवाज कमी व्हावा म्हणून इंजिन बदलायचे आणि धूर मात्र मोकळा सोडायचा, हे मला पटत नाही. आपल्या केंद्राकडून असा सल्ला दिला जातो हे आपल्याला माहीत आहे की नाही, याचे उत्तर मला लेखी हवे आहे.

आणखी एक बाब. आमच्या गाडीचा गिअरबॉक्स सिंक्रोमेश, म्हणजे फेरे आपोआप जुळवणारी सोय, नसलेला आहे. त्यात गिअर टाकायला दोनदा क्लच दाबावा लागतो आणि इंजिनाचे फेरे जुळवावे लागतात. जुन्या इंजिनाचे फेरे बाबा आवाजावरून ओळखत. मीही तसाच शिकलो. नव्या इंजिनाचा आवाज केबिनमध्ये इतका कमी येतो की फेऱ्यांचे मीटर बघावेच लागते. आपण ते दिले होते, चांगले होते. मार्चमध्ये ते बंद पडले. जोड उघडला तर आत दोन पिना हिरव्या पडलेल्या. समुद्र आमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे, खाऱ्या वाऱ्यात तांबे कळकते हे इथे लहान मुलालाही ठाऊक आहे, आणि माहितीपत्रकात आपण ‘पाणी व क्षार-रोधक जोड’ असे लिहिले आहे. इंजिनाच्या बाजूचे जोड तसे आहेतही. केबिनच्या बाजूला मात्र साधे वापरले आहेत, आतली रबरी सीलच नाही.

माझ्या मागण्या अवघड नाहीत. गिअरबॉक्सवर केबलच्या जागी बसणारा, केबलही चालू ठेवणारा वेगाचा सेन्सर मिळतो. तो आपण बसवून द्यावा आणि त्याचा वेग कंप्युटरला जोडून टायरच्या मापाप्रमाणे जुळवून द्यावा. आमचा चॅसिस नंबर आहे तसा आपल्या प्रणालीत घ्यावा, म्हणजे उद्या कोणत्याही केंद्रात गाडी नेली तर ती ‘आढळेल’. भरलेला फिल्टर विनाशुल्क साफ करावा, खराब झाला असल्यास बदलून द्यावा. केबिनकडचे जोड सीलबंद करावेत. वायरिंगचा संपूर्ण नकाशा छापील स्वरूपात द्यावा, कारण आपला तंत्रज्ञ रत्नागिरीत नसतो आणि आमचे मिस्त्री असतात. गाडी ओढून आणण्याचे १४,५०० रुपये, दुसऱ्या टेम्पोचे ९,००० रुपये आणि आंब्याचे ३८,००० रुपये असे एकूण ६१,५०० रुपये भरून द्यावेत. सगळ्या पावत्या आणि यार्डातली पट्टी सोबत जोडली आहे. वेगाच्या सेन्सरवाचून हा संच या गाडीवर चालू शकत नाही असे आपले म्हणणे असेल, तर पूर्ण रक्कम परत करावी आणि जुने इंजिन आपल्या खर्चाने परत बसवून द्यावे. ते मी भंगारात दिलेले नाही. सिलिंडरमध्ये तेल सोडून, गोणपाटात बांधून पडवीत ठेवले आहे.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर आले नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे मी रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ग्राहक जिथे राहतो तिथेच तक्रार दाखल करता येते, त्यामुळे मला त्यासाठी दूर जावे लागणार नाही. पण मला खटला नको, गाडी चालू हवी आहे. यंदा पावसाने मे महिन्यातच गाठले, आंब्याचा मोसम संपला, त्यामुळे पैशाची घाई आता उरलेली नाही. बाबांना मात्र गणपतीची मूर्ती याच गाडीतून घरी आणायची आहे. ती दरवर्षी याच गाडीतून येते, आणि यंदा मशीन कानात ठेवून बसता येईल, असे ते जानेवारीपासून म्हणत आहेत.

आपला माणूस येणार असेल तर आदल्या दिवशी कळवावे, मी त्याला रत्नागिरी स्टेशनवरून घेऊन येईन. त्याने येताना सेन्सर आणि स्कॅनर दोन्ही बरोबर आणावेत.

कळावे,

आपला ग्राहक
(नाव, सही व मोबाइल क्रमांक सोबतच्या पावतीच्या प्रतीवर)