अठ्ठावन्नला एकदम सुट्टी नको, शेवटची दोन वर्षं अर्ध्या ड्युटीचा पर्याय द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

31 मे जवळ आला की ठाण्यातल्या सरकारी ऑफिसांत शाल-श्रीफळाची गडबड सुरू होते. शाळेत नाव घालताना मास्तरांनी अंदाजे 1 जून लिहिलेली आख्खी पिढी आता अठ्ठावन्नला आलीय, आणि महिन्याच्या 1 तारखेला जन्मलेला माणूस नियमाने आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी रिटायर होतो, त्यामुळे एकाच संध्याकाळी कितीतरी टेबलं रिकामी होतात. चार्ज घ्यायला नवीन माणूस बऱ्याचदा आलेलाच नसतो, मग शेजारच्या टेबलाकडे अ‍ॅडिशनल चार्ज जातो आणि तिथून पुढे फाईल कुठे आहे ते कुणालाच नीट सांगता येत नाही.

मी ऐरोलीला राहते, स्वतः सरकारी नोकरीत आहे, रिटायरमेंटला फार वर्षं उरलेली नाहीत. म्हणून हे लिहितेय.

आपल्या भागात हा प्रश्न जास्त बोचतो. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या 95 गावांची जमीन घेतली, त्यातले वारसांचे वाद, फेरफार, वाढीव मोबदला, जमीन गेलेल्यांना परत द्यायचे साडेबारा टक्क्यांचे प्लॉट हे अजून संपलेलं नाही. त्यात 1 ऑगस्ट 2014 ला ठाण्यातून पालघर वेगळा जिल्हा झाला. कुठलं जुनं रेकॉर्ड कुठल्या गठ्ठ्यात, कुठल्या गावाची नोंद कुठल्या वर्षी का अडली, हे तीस वर्षं त्याच कामात घालवलेल्या अव्वल कारकुनाला तोंडपाठ असतं आणि ते कुठल्याही चार्ज रिपोर्टमध्ये लिहिलेलं नसतं. आमच्या नात्यातल्या एका घराची वारसनोंद अशीच लटकली, प्रकरण माहीत असलेला माणूस गेला आणि नव्याने आलेल्या बिचाऱ्या पोराने सगळी कागदपत्रं पहिल्यापासून मागितली. त्या पोराची चूक नाही, त्याला शिकवायला कोणी ठेवलंच नव्हतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की ज्याला पाहिजे त्याला अठ्ठावन्ननंतर दोन वर्षं अर्धवेळ काम करू द्या, अर्धा पगार आणि अर्धी पेन्शन. मूळ पद मात्र त्याच दिवशी रिकामं धरा, तिथे नवीन भरती करा आणि जुन्या माणसाने त्याच्या शेजारी बसून त्याला तयार करायचं. म्हणजे स्पर्धा परीक्षा देत बसलेल्या मुलांची जागा कुणी अडवत नाही. सरसकट वय 60 करा या संघटनांच्या मागणीला मी म्हणूनच मनापासून हो म्हणू शकत नाही, घरात दोन पोरं अभ्यास करतायत त्यांच्याकडे बघून तर नाहीच.

पैशाचं बघा. बेसिक 80 हजार धरलं तर जुन्या योजनेत पेन्शन साधारण 40 हजार, ती सरकार घरी बसलेल्या माणसाला देणारच आहे. अर्ध्या ड्युटीत 40 हजार पगार आणि 20 हजार पेन्शन, म्हणजे 60. (महागाई भत्ता धरलेला नाही.) सरकारला जास्तीचे फक्त 20 हजार लागतात आणि त्यात अर्धा दिवस अनुभवी माणूस मिळतो. आत्ता तरी काय होतं, रिटायर झालेल्यांनाच नंतर कंत्राटावर परत बोलावतात, मधल्या काळात काम तुंबतं ते वेगळंच.

ग्रॅच्युइटी आणि पुढची पेन्शन मात्र पूर्ण पगारावरच धरायला हवी, नाहीतर कोणी हा पर्याय घेणार नाही. 1 नोव्हेंबर 2005 पासून लागलेले जे एनपीएसमध्ये (पगारातून कापून खात्यात साठवायची नवी पेन्शन योजना) आहेत त्यांचं गणित वेगळं आहे, त्यांना हातात निम्मी पेन्शन देता येणार नाही, पण अर्ध्या पगारावर त्यांचं एनपीएस खातं चालू ठेवता येईल.

अमेरिकेत केंद्र सरकारच्या नोकरांसाठी असा कायदा 2012 मध्ये झाला, 2014 च्या नोव्हेंबरपासून अर्ज घ्यायला लागले. तिथे निम्मी ड्युटी, निम्मी पेन्शन आणि कामाच्या वेळेतला साधारण पाचवा हिस्सा दुसऱ्यांना शिकवण्यासाठी. पण परवानगी द्यायची की नाही हे प्रत्येक खात्याच्या मर्जीवर ठेवलं, त्यामुळे फार थोड्यांना त्याचा फायदा झाला. आपल्याकडे साहेबांच्या मर्जीवर ठेवलं तर काय होईल ते सांगायला नको, म्हणून पात्रता नियमातच लिहा आणि नकार द्यायचा असेल तर लेखी कारण द्यायला लावा.

बायकांचं तर फारच अवघड होतं. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या असतात, मुलीचं बाळंतपण असतं, आणि पूर्ण नोकरी झेपत नाही म्हटलं की स्वेच्छानिवृत्ती एवढाच रस्ता, वीस वर्षं झाली असतील तर तीन महिन्यांची नोटीस द्या आणि घरी बसा. माझ्यासोबतच्या दोघी तशाच गेल्या, दोघी कामाला एकदम पक्क्या होत्या. अर्धा दिवस मिळाला असता तर दोघी आनंदाने थांबल्या असत्या. म्हणून पंचावन्ननंतर अशा कर्मचाऱ्यांनाही हा पर्याय मागता यावा असं मला वाटतं.

सुरुवात आख्ख्या राज्यात करू नका, महसूल आणि भूमी अभिलेख या दोन खात्यांत ठाणे जिल्ह्यापुरती करून बघा. कर्मचारी संघटनांनी साठच्या मागणीसोबत हीसुद्धा मागणी सरकारपुढे ठेवावी, आणि येत्या 31 मेला जाणाऱ्यांना निदान आत्ताच विचारून घ्यावं की तुमच्यातलं कोण थांबायला तयार आहे.

— एक सरकारी कर्मचारी, ऐरोली, नवी मुंबई