वंशावळीत नसलेल्या बायका

पणजी, गोवा

ती. आई आणि बाबा यांस,
सा. न. वि. वि.

बाबा, आधी तुमचा राग घालवते. काकांनी लिहून काढलेली वंशावळ खोटी आहे असं मी म्हटलं नव्हतं, अपुरी आहे म्हटलं होतं. कागद घरी आहेच, उघडून बघा. देवी म्हाळसा गोव्यातल्या वेर्ण्याहून म्हार्दोळला आली, तिच्यामागे आपली माणसं आली, आणि तिथून उतरत उतरत गिरगावच्या चाळीपर्यंत सगळी नावं ओळीने आहेत. फक्त त्यात एकही बाई नाही. बापाला मुलगा, त्याला मुलगा, त्याला मुलगा. आपल्या घराण्यात बाळंतपणंही पुरुषांनीच केली असावीत!

यात काकांचा दोष नाही. त्यांनी जिथून नावं घेतली तिथेच बायका नव्हत्या. देवस्थानच्या महाजनांच्या, म्हणजे हक्काच्या सभासदांच्या यादीत पुरुष. गांवकारीच्या, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या कोमुनिदादच्या वह्यांत झण (उत्पन्नातला वाटा) घेणारे तेही पुरुष. काशी-नाशिकच्या उपाध्यायांच्या वह्यांत एखादीचं नाव येतं, तेही बहुधा ती यात्रेला गेली होती म्हणून. फॅमिलीसर्च ही अमेरिकेतल्या मॉर्मन चर्चची फुकट वापरता येणारी साइट आहे. हरिद्वार आणि इतर काही तीर्थांच्या अशा वह्यांची छायाचित्रं तिथे आहेत. पण नाव टाईप केलं आणि उत्तर आलं, असं तिथे होत नाही. पानं एकेक उलटत बसावी लागतात, आणि कुठल्या गावची, कुठल्या जातीची वही कुठल्या उपाध्यायाकडे, हे आधी ठाऊक असावं लागतं. गोव्यातल्या चर्चच्या जुन्या वह्याही त्याच साइटवर आहेत. आपल्या शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबांना बाप्तिस्म्याच्या नोंदींतून शतकं मागे जाता येतं, याचा मला थोडा हेवाच वाटला.

आपल्यासाठी खरी वाट 1914 पासून उघडते. त्या वर्षापासून गोव्यात जन्म, लग्न, मृत्यू यांची सरकारी नोंद सगळ्यांना सक्तीची झाली, हिंदूंनाही. आजोबा त्यानंतरचे, आणि मुंबईला जाण्याआधी इथेच जन्मलेले. त्यामुळे त्यांची नोंद असायलाच हवी होती. गोवा ऑनलाइन या सरकारी पोर्टलवरून दाखल्याचा अर्ज घरबसल्या करता येतो, पण इतक्या जुन्या नोंदीसाठी शेवटी तालुक्याच्या नोंदणी कार्यालयाची पायरी चढले. तिथे नुसता जन्मदाखला मागायचा नाही, हे लक्षात ठेवा. 'तेओर' मागायचा. साध्या दाखल्यावर नाव, तारीख आणि आईवडील एवढंच येतं. तेओर म्हणजे मूळ नोंदीची अक्षरशः नक्कल, समासातल्या नंतरच्या शेऱ्यांसकट.

आणि पोर्तुगीजांच्या नोंदीत काय असतं माहीत आहे? मुलाचे आईवडील तर असतातच, शिवाय आजी-आजोबाही, वडिलांकडचे आणि आईकडचेही. काकांच्या कागदावर आजोबांच्या लगेच वरच्या दोन पिढ्यांत फक्त त्यांचे वडील आणि आजोबा. तेओरमध्ये आजोबांची आई, तिची आई आणि तिची सासू, तिघीही आपापल्या नावांनिशी बसल्या आहेत. एका पानावर! बाबा, तुमची आजी तुमच्या जन्माआधीच गेली. तिच्या आईचं नाव तुम्ही कधी ऐकलं होतं का? (आजोबांची शाळेतली जन्मतारीखही नोंदीशी जुळत नाही. म्हणजे आपण इतकी वर्षं श्रीखंड भलत्याच दिवशी खाल्लं.)

भाषा पोर्तुगीज, पण घाबरण्यासारखी नाही. ठरलेला साचा आहे, वाक्यं तीच, नावं तेवढी बदलतात. कसोटी लागते ती अनुक्रमणिकेत. तेव्हाच्या पोर्तुगीज लेखनात इंग्रजी 'के' जवळजवळ नव्हताच. त्यामुळे कामत 'सी'खाली, केणी 'क्यू'खाली, आणि शंकर, शांता यांना 'एक्स'खाली शोधायचं. आडनाव दर पिढीत तेच असेल याचाही भरवसा नाही. कुणी गावाचं नाव लावलं, कुणी हुद्द्याचं.

दुसरी जागा मला अगदी अनपेक्षितपणे सापडली: सरकारी राजपत्र. त्याच्या तिसऱ्या मालिकेत वारसनोंदीच्या जाहिराती छापून येतात आणि राजपत्राचे अंक छपाई खात्याच्या साइटवर वाचता येतात. कोणी मृत्यूपत्र न करता गेलं की वारस कोण ते नोटरीपुढे दस्त करून जाहीर करता येतं. 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा म्हणून इथे मुलीलाही वाटा मिळतो आणि नवराबायकोची मालमत्ता सहसा सामाईक धरली जाते. म्हणून जाहिरातीत मुली येतात, त्यांची लग्नानंतरची नावं येतात आणि मागोमाग जावईसुद्धा. माईच्या, म्हणजे आजीच्या माहेरच्या, पेडण्याच्या घरातली अशीच एक जाहिरात मिळाली. देवळाने आणि उपाध्यायाने ज्यांना मोजलं नाही त्यांना जमिनीच्या कायद्याने मोजलं, याचं मला हसूही आलं आणि बरंही वाटलं.

जमिनीवरून आठवलं. भूमापन खात्याच्या साइटवर तालुका, गाव आणि सर्व्हे नंबर दिला की एक-चौदाचा उतारा (आपल्या सात-बारासारखा) दिसतो. पेडण्याच्या घराचा सर्व्हे नंबर कुणाकडे असेल तर पाठवा. आणि बाबा, मी वाटा मागायला चाललेले नाही, हे आत्तेला आधीच सांगून ठेवा. नाहीतर चवथीला वातावरण तापेल. पोर्तुगीज पासपोर्टही काढत नाहीये. इथे जुनी नोंद मागितली की समोरचा माणूस आधी तेच विचारतो.

पणजीतल्या पुराभिलेख खात्यातही जाऊन आले. 1595 साली सुरू झालेलं दप्तर, आणि इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकरांनी आयुष्यभर ज्यात डोकं घातलं ते हेच. व्हाइसरॉयांची पत्रं, पेशव्यांशी झालेला व्यवहार, सगळं आहे. आपल्यासारख्या घरांना मात्र आधी तालुक्याची वही पाहिजे. तिथे गाव आणि वर्ष हाती लागल्यावर मग इकडे यावं. मोडी आणि गोंयकानडी या जुन्या लिप्यांतल्या कागदांच्या वाटेला सध्या मी जात नाही. ते शिकल्याशिवाय जमणार नाही.

आता आई, खरं काम तुझ्याकडे आहे. माईची नोंद अडून बसली आहे. लग्नात तिचं नाव बदललं आणि घरात सगळे तिला माईच म्हणायचे. जन्माचं नाव कळल्याशिवाय वहीत कुठलं पान उघडायचं? बाबांना विचारलं तर म्हणाले, "माई म्हणजे माई." तू तिच्याजवळ इतकी वर्षं स्वयंपाकघरात बसलीस, तुला ती माहेरच्या गोष्टी सांगायची. तिला माहेरी कोणत्या नावाने हाक मारायचे? ती भावंडांत कितवी? जन्म पेडण्यातच झाला की तिच्या आईच्या माहेरी? पहिलं मूल आजोळी जन्मलं असेल तर नोंद दुसऱ्याच तालुक्यात असू शकते. वर्ष नक्की आठवत नसेल तर घडलेलं काही सांग, म्हणजे तिचं लग्न कुणाच्या आधी झालं, कुठल्या साथीत कोण गेलं. तेवढ्यावरून मी चार-पाच वर्षांच्या आत येईन.

तुझ्या बाजूची नावंही लिही. तुझी आजी डिचोलीची होती ना? तीही गोव्यातच नोंदलेली असणार.

एक सूचना दोघांनाही. चिरंजीव भाऊसाहेबांनी उत्साहाने अख्खं झाड कुठल्याशा अ‍ॅपवर चढवायला घेतलं आहे. त्याला थांबवा. फॅमिलीसर्चवर हयात माणसांची माहिती इतरांना दिसत नाही, पण सगळीकडे तसं नसतं. आईचं माहेरचं आडनाव आणि जन्मतारीख बँका आपली ओळख पटवायला विचारतात. ते जगाला दाखवायची गरज नाही. गेलेल्यांची नावं खुशाल घालू दे.

बाबा, काकांच्या कागदाचा फोटो पुन्हा काढून पाठवा. मागच्या वेळी तुमच्या अंगठ्याखाली दोन पिढ्या गेल्या आहेत. आणि आई, लिहायचा कंटाळा आला तर आवाज रेकॉर्ड करून पाठव, पण मिक्सर चालू असताना नको.

तुमची,
ताई